पंधरा लाख की दीड मिलियन? सुरतेत नर्सिंगची परीक्षा देणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी औषधाच्या मात्रेचा हिशेब

सुरत : पावसाळा लागला की दक्षिण गुजरातच्या भातशेतीत आणि उसाच्या फडात राबणाऱ्यांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दिसू लागतात. सुरत, नवसारी, वलसाड हा या आजाराचा जुना पट्टा. आजार बळावला असेल तर पुस्तकात पेनिसिलिनची मात्रा दिलेली असते : १.५ मिलियन युनिट, शिरेतून, दर सहा तासांनी. वॉर्डात हातात येणाऱ्या वायलवर मात्र छापलेलं असतं १० लाख युनिट. मग काढायचं किती?

हिशेब तसा सोपा आहे. १० लाख म्हणजे एक मिलियन. म्हणून १.५ मिलियन म्हणजे १५ लाख, म्हणजे दीड वायल. पावडर विरघळल्यावर एका वायलचं एकूण ५ मिली होत असेल तर ७.५ मिली. पण रात्री तीन वाजता, वॉर्डात खाटेला खाट लागलेली असताना, घाईघाईत कोणी १.५ मिलियनचे ‘दीड लाख’ केले तर रुग्णाला ठरलेल्या मात्रेचा फक्त दहावा भाग मिळतो. चार्टवर औषध दिल्याची सही होते आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. ताप उतरत नाही, एवढंच दिसतं.

नर्सिंगच्या परीक्षेत मात्रेच्या हिशेबावर प्रश्न विचारतात ते यासाठी. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नसतं. तरी त्यात मार्क जातात, आणि जिथे मार्क जातात तिथेच पुढे वॉर्डात माणूस सापडतो.

तीन भाषांतला एक आकडा

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. वडील लूमवर किंवा मिलमध्ये, मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून शिकून तीन वर्षांच्या जीएनएमला किंवा चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला, असं चित्र अनेक घरांत आहे. या मुलीचे पाढे मराठीतले, पुस्तक इंग्रजीतलं आणि वॉर्डातली बोली गुजराती. रुग्ण तिला ‘बेन’ म्हणतो, डॉक्टर ‘सिस्टर’ म्हणतात आणि आकडा तिन्ही भाषांतून फिरून सिरिंजपर्यंत पोचतो.

या फिरण्यातच घोळ होतो. मराठीत पाव म्हणजे चौथा हिस्सा आणि पाऊण म्हणजे त्याच्या तिप्पट. गुजरातीत चौथ्या हिश्शाला ‘पा’ आणि पाऊणला ‘पोणो’ म्हणतात. फोनवरून, गडबडीत, मास्कच्या आडून ‘पा गोळी’ आणि ‘पोणी गोळी’ यातला फरक ऐकू येईलच असं नाही. दीड, अडीच, सव्वा हे शब्द घरच्या व्यवहाराला झकास, पण औषधाच्या चार्टवर त्यांना जागा नाही. तोंडी सूचना मिळाली तर ती आकड्यात लिहायची, मोठ्याने वाचून दाखवायची आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच औषध भरायचं. इंग्रजीतही ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चा गोंधळ जुनाच आहे. तिथे ‘वन-फाइव्ह’ की ‘फाइव्ह-झिरो’ असं सुटं विचारतात.

लिहिण्यातही तसंच. मराठी १ आणि गुजराती एक हे दोन्ही इंग्रजी नऊसारखे दिसतात. मराठी ४ घाईत लिहिला तर इंग्रजी आठ वाटतो. ७ चा कधी इंग्रजी सहा होतो. दवाखान्याच्या कागदावर एकाच तऱ्हेचे, म्हणजे इंग्रजी वळणाचे आकडे वापरायचे ते यामुळे. घरी सराव मराठी आकड्यांत केला तरी चालेल, पण शेवटचं उत्तर रोज त्याच वळणात लिहायची सवय हवी.

दशांश चिन्हाचे दोन नियम तर जगभर सारखे आहेत. अर्धा लिहायचा तर ०.५, नुसतं .५ नाही, कारण टिंब पुसट झालं की त्याचे ५ होतात. आणि एक लिहायचा तर १, १.० नाही, कारण टिंब दिसलं नाही की त्याचे १० होतात. ‘युनिट’साठी नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षरही लिहीत नाहीत. ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात.

सूत्र एकच, बाटल्या तीन

मूळ सूत्र सगळ्यांना पाठ असतं : हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले ती जितक्या मिलीत आहे ते मिली. डॉक्टरांनी जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम सांगितलं, अँप्युलवर २ मिलीत ८० मिलिग्रॅम लिहिलंय, तर ६० भागिले ८० गुणिले २, म्हणजे १.५ मिली.

हे येतं. अडतं ते ‘हातातली मात्रा’ वाचताना. लहान मुलांच्या तापावरच्या पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. मूल ८ किलोचं, सांगितलेली मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. इथपर्यंत कोणी चुकत नाही. पण बाजारात एक सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, दुसरं ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं आणि ड्रॉप्स येतात ते मिलीला १०० मिलिग्रॅमचे. पहिल्या बाटलीतून ४.८ मिली, दुसरीतून २.४ आणि ड्रॉप्समधून फक्त १.२ मिली. पहिल्या बाटलीचा आकडा डोक्यात ठेवून ड्रॉप्स दिले तर मात्रा चौपट होते. घरोघरी ‘एक चमचा द्या’ म्हणतात तेव्हाही हेच होत असतं, आणि स्वयंपाकघरातला चमचा काही ५ मिलीचा असेलच असं नाही. बाटलीसोबत येणारं मापच वापरायला सांगणं हे नर्सचं काम. परीक्षेत तेही विचारतात.

इन्सुलिनची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडे वायलमधलं इन्सुलिन बरंचसं मिलीला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारंगी टोपीची. ४० च्या वायलमधून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ०.२ मिली येतं, म्हणजे फक्त ८ युनिट. उलट झालं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ०.५ मिली म्हणजे ५० युनिट शरीरात जातात. आधीच्या चुकीत साखर चढलेली राहते, नंतरच्या चुकीत रुग्ण बेशुद्ध पडतो. बोलताना दोघांनीही ‘वीस युनिट दिलं’ असंच म्हटलेलं असतं. क्लासवाले एका ओळीच्या युक्त्या शिकवतात त्या वेळ वाचवायला ठीक आहेत, पण टोपीचा रंग कोणतीही युक्ती सांगत नाही.

थेंब मोजायचे की बाटली पाहायची

सलाइनचं सूत्र : एकूण मिली गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर, भागिले मिनिटं. १००० मिली ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा असेल तर २०,००० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट १५ थेंबांचा असेल तर ३१. पुस्तकांत दोन्ही आकडे सापडतात, म्हणून प्रश्नात दिलेला फॅक्टर वाचायचा आणि वॉर्डात सेटच्या पाकिटावरचा. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो. तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, हा तेवढा सोयीचा योगायोग.

आता सीमाभागातल्या वॉर्डांना सवयीची केस. शेतात साप चावून आलेला रुग्ण. विषबाधेची लक्षणं असतील तर प्रतिसर्पविषाच्या १० वायल पहिल्या मात्रेत देतात, साधारण तासाभरात. प्रत्येक वायल १० मिलीची, म्हणजे १०० मिली, ते ४०० मिली सलाइनमध्ये मिसळलं तर एकूण ५०० मिली. २० च्या सेटने ६० मिनिटांत द्यायचं तर मिनिटाला १६७ थेंब येतात. गणित बरोबर. पण सेकंदाला जवळजवळ तीन थेंब डोळ्यांनी मोजता येतील का? नाही. अशा वेळी अनुभवी सिस्टर बाटलीवर पट्टी लावून दर १५ मिनिटांची खूण करते. पाव तासाला १२५ मिली उतरलं पाहिजे, बस.

याच केसमध्ये परीक्षकाचा आवडता सापळा आहे. ‘२० किलोच्या मुलाला प्रतिसर्पविषाची मात्रा किती?’ पॅरासिटामॉलची सवय लागलेला विद्यार्थी लगेच वजनाने भागतो. पण सापाने लहान मुलाला कमी विष सोडलेलं नसतं. मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच. बदलतं ते सोबतच्या सलाइनचं प्रमाण, कारण एवढ्याशा शरीरात अर्धा लिटर पाणी ओतून चालत नाही.

आधी हात, मग आकडा

समजा प्रतिसर्पविष सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला त्या रुग्णाच्या अंगावर गांध्या उठल्या, तो कापू लागला, श्वास घरघरला, रक्तदाब पडला. प्रश्न येतो : नर्स सर्वात आधी काय करेल? पर्यायांत डॉक्टरांना कळवणं, ॲड्रेनॅलिन भरणं, ऑक्सिजन लावणं आणि ठिबक थांबवणं. चारही गोष्टी करायच्याच आहेत, म्हणून हा प्रश्न अवघड वाटतो. सर्वात आधी ठिबक थांबवायचं. ज्यामुळे हे होतंय ते शरीरात जातच राहिलं तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग अर्धाच. सुई मात्र काढायची नाही, ती शीर पुढे लागणार आहे. रक्त चढवताना रिॲक्शन आली तरी हाच क्रम : रक्त थांबवा, नवा सेट लावून सलाइनवर शीर चालू ठेवा, मग पुढचं.

त्यानंतर ॲड्रेनॅलिन, आणि इथे हिशेब परत येतो. अँप्युलवर १:१००० लिहिलेलं असतं. म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच मिलीला १ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, म्हणजे ०.५ मिली. मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला मात्र हेच औषध १ मिलिग्रॅम शिरेतून देतात, दर ३ ते ५ मिनिटांनी, बहुधा १:१०,००० करून, म्हणजे एक अँप्युल आणि ९ मिली सलाइन. नाडी चालू असलेल्या माणसाच्या शिरेत ती दुसरी मात्रा गेली तर हृदयाची लय बिघडू शकते. औषध तेच, मिलिग्रॅमही बरोबर, पण वाट आणि वेळ चुकलेली. तातडीच्या प्रश्नांत गुण जातात ते बहुतेक इथेच.

‘चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल?’ हाही नेहमीचा प्रकार. एकाला १०२ ताप, एकाची ऑपरेशननंतरची वेदना असह्य, एकाची पट्टी भिजलेली, आणि एक दमेकरी, ज्याची मघापासूनची घरघर आता ऐकू येत नाही. घरघर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजून त्याला शेवटी ठेवणारे बरेच. खरं तर श्वासनळ्या इतक्या आवळल्या आहेत की हवा आतच जात नाही. आधी त्याच्याकडे. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम पाठ असतो, पण शांतताही धोक्याची असू शकते हे सराव केल्याशिवाय सुचत नाही.

घड्याळ कुठून सुरू होतं

भाजलेल्या रुग्णाचा हिशेब सीमेवरच्या लोकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. पार्कलंडचं सूत्र : ४ मिली गुणिले वजन गुणिले भाजलेला टक्का. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७२०० मिली, २४ तासांत. त्यातलं अर्धं, ३६०० मिली, पहिल्या ८ तासांत.

पहिले ८ तास कधीपासून? दवाखान्यात आल्यापासून नव्हे, भाजल्यापासून. नंदुरबार-नवापूरकडून किंवा उच्छल-व्याऱ्याकडून सुरतला पाठवलेला रुग्ण न्यू सिव्हिलच्या दारात येईपर्यंत दोन तास सहज जातात. वाटेत काहीच सलाइन मिळालं नसेल तर ३६०० मिलीला उरलेत ६ तास. तासाला ४५० नाही, ६०० मिली. वाटेत १ लिटर गेलं असेल तर तेवढं वजा. म्हणून पाठवणाऱ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी हव्यात : किती वाजता भाजला आणि आतापर्यंत किती सलाइन गेलं. सोबत आलेल्या नातेवाइकाला विचारायचं तर त्याच्या भाषेत विचारावं लागतं, आणि तिथे अहिराणी किंवा मराठी येणारी सिस्टर वॉर्डाला मोलाची ठरते. हे आकडे सुरुवात म्हणून असतात. पुढे लघवी तासाला किती होते ते पाहून डॉक्टर वेग बदलतात.

आयसीयूतला मायक्रोग्रॅमचा हिशेबही असाच पायरीने सुटतो. डोपामिन किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, रुग्ण ६० किलो, पंपाच्या ५० मिली सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,०००. सिरिंजमध्ये मिलीला ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. भागाकार ४.५ मिली प्रति तास. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना हजाराने गुणायचं विसरलं की उत्तर ४५०० येतं. ५० मिलीच्या सिरिंजमधून तासाला ४५०० मिली कसं जाईल, हा प्रश्न मनात आला पाहिजे. तो आला की पुढचं कोणीही दुरुस्त करतं.

सराव कसा आणि कुठल्या परीक्षेसाठी

म्हणून सरावात आधी अंदाज, मग आकडेमोड. अँप्युलपेक्षा कमी लागेल की जास्त? एक मिलीच्या आत की पुढे? अंदाज वहीत लिहून मग हिशेब करायचा. उत्तर अंदाजापासून फार दूर गेलं तर एकक तपासायचं. दुसऱ्या मैत्रिणीने तेच उदाहरण उत्तर न पाहता सोडवावं. वॉर्डातही जोखमीच्या औषधांची दुहेरी तपासणी अशीच होते, दोघींनी वेगवेगळी. पहिलीचं उत्तर ऐकून दुसरीने मान डोलावली तर ती तपासणी नव्हे. कॅल्क्युलेटर पहिल्या महिन्यात बाजूला ठेवलेला बरा.

एम्सच्या नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे अर्धवट हिशेबावर ठोकताळा मारणं महागात पडतं. ब्रिटनला जाणाऱ्यांच्या संगणकीय परीक्षेत तर आकडेमोडीचा भाग वेगळाच आहे, १५ प्रश्न आणि ३० मिनिटं, पर्याय न देता उत्तर लिहायचं. आणि एक सीमेवरची गोष्ट : गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्यांना महाराष्ट्रात सरकारी भरतीला उभं राहायचं तर महाराष्ट्र कौन्सिलच्या नोंदणीचं बघावं लागतं. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच विचारून ठेवावं.

इथली उदाहरणं सरावासाठी आहेत. मात्रा ठरवतात डॉक्टर, घरी यावरून औषध देऊ नये.

सरावाला शेवटचा एक प्रश्न. डॉक्टरांनी पोटॅशियम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट लिहिलं आहे. अँप्युल १० मिलीची, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. सिरिंजमध्ये किती मिली भरून थेट शिरेत सोडाल : १, ५, १० की यापैकी काहीच नाही? गणिताने उत्तर १० येतं. पोटॅशियम थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबू शकतं. ते मोठ्या बाटलीत मिसळून, बाटली नीट हलवून, तासांच्या हिशेबाने हळूहळूच द्यायचं असतं. बरोबर उत्तर चौथं.